टोपीवाल्याची मूळ चित्रं आणि दारूगोळ्याची पेटी

आमच्या घरात कागदाला नेहमी दोन बाजू असत. एका बाजूला काही छापलेलं असलं तरी दुसरी मोकळी आहे, म्हणजे तो कागद अजून अर्धा कोराच आहे, असं वडील मानत. ते कामगारांच्या सभांची पत्रकं लिहीत, छापून आणत आणि चिंचवडपासून देहूरोडपर्यंत सायकलवरून वाटत. मी अक्षरं गिरवली ती त्या पत्रकांवर. ‘आई’ लिहायच्या आधी मला ‘बंधूंनो’ लिहिता येत होतं, असं आई चेष्टेनं सांगते. त्यामुळे माझी मतं फार लवकर पक्की झाली. कागद वाटण्यासाठी असतो. पेटीत पडून राहणारा कागद मेलेला. चित्र विकत घेऊन आपल्या दिवाणखान्यात टांगणाऱ्या माणसांचा मला राग होता आणि तो अजूनही आहे. त्या रागाला मी आजवर एकच अपवाद केला आहे.

वडील आणि त्यांचे चार सोबती मिळून एक पाक्षिक काढत. त्यात शेवटच्या पानावर चार चौकटींची एक चित्रांची पट्टी येई. तिच्यातला माणूस एवढासा, डोक्यावर भली मोठी टोपी, आणि कायम कुठल्यातरी रांगेत उभा. कधी रॉकेलच्या, कधी नोकरीच्या, कधी दवाखान्याच्या. चौथ्या चौकटीत त्याचा नंबर लागायचा आणि नेमकी खिडकी बंद व्हायची. लोक अंक उलटा धरून आधी शेवटचं पान बघत. वडिलांना याचं वाईट वाटे, पण अंक खपतो म्हणून ते गप्प बसत.

चित्रं काढायचा तो आमच्या मागच्या आळीत भाड्यानं राहणारा एक गडी. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणे. मूळचा कुरुळीचा, शेतकऱ्याचा मुलगा. देहूरोडच्या रस्त्याला लाकडी खोकी बनवणारी एक शेड होती, तिथे खोक्यांवर अक्षरं आणि बाण रंगवायचं त्याचं काम. ‘ही बाजू वर’, ‘जपून उचला’. टोपीवाला मी पहिल्यांदा पाहिला तो एका फुटक्या फळीवर. जेवणाच्या सुट्टीत उरलेल्या काळ्या रंगानं काढलेला. फळी मी उचलून घरी आणली आणि वडिलांसमोर ठेवली.

पट्टीतले शब्द माझे. दादा ते निम्म्यानं कापी.

“राव, टोपीवाल्याच्या तोंडात भाषण कोंबू नको. त्याचं तोंड केवढं, बघ की.”

“पण मुद्दा कळला पाहिजे ना लोकांना.”

“टोपी बघूनच कळतोय मुद्दा. तुझ्या बापानं खरडलेलं हायच की आतल्या पानात.”

दादा जाड ड्रॉइंगच्या कागदावर मोठं चित्र काढी. आधी फिकट निळी पेन्सिल, मग ब्रशनं काळी पक्की शाई, आणि चुकलं तिथे वरून पांढरा पोस्टर कलर. मी ते पुण्याला ब्लॉकवाल्याकडे नेई. तो त्याचा फोटो घेऊन लहान करी आणि जस्ताच्या पत्र्यावर कोरून लाकडाच्या ठोकळ्यावर ठोकून देई. निळी पेन्सिल त्या फोटोत उतरत नसे, पांढरा रंगही कागदासारखाच दिसे. म्हणजे छापून येई ती फक्त रेघ, स्वच्छ आणि ठाम, जणू ती एकाच झटक्यात काढली असावी.

ठोकळ्याला ओरखडा पडू नये म्हणून ब्लॉकवाला तो कशात तरी गुंडाळून देई. कशात? तर त्याच मूळ चित्रात. ही तिथली रीतच होती. चित्राचं काम संपलं, आता तो जाड कागद वेष्टनाला बरा. मी चार घड्या पडलेलं चित्र घरी आणी, वडील त्याची पाठ सपाट करत आणि तिच्यावर सभेची जाहिरात रंगवत. एकदा तर पिंपरीच्या नाक्यावर सभेची वेळ सांगणाऱ्या कागदाच्या मागे टोपीवाला भिंतीकडे तोंड करून खळीत चिकटून बसला होता. दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. “तिथं बी रांगेतच असंल ते!” मूळ कागदाचं काय झालं याची आमच्यापैकी कोणालाच फिकीर नव्हती. छापून झालं ना, मग झालं.

मग म्हैस आडवी आली.

दादा शेडवरून सायकलनं परतत होता. रस्त्याच्या कडेची एक म्हैस काय मनात आलं कोण जाणे, अचानक वळली. दादा उजव्या मनगटावर पडला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. बोटं वळत, घास तोंडात जाई, पिशवी उचलता येई. पण ब्रश चिमटीत ठरेना. मी त्या दिवसांत फार संतापलेला असे. मशीननं हात नेला असता तर मी मालकाविरुद्ध लिहिलं असतं, रस्त्याच्या खड्ड्यानं पाडलं असतं तर सरकारविरुद्ध. म्हशीविरुद्ध पत्रक काढता येत नाही.

दादा हसायचा थांबला. आमच्या ओट्यावर येऊन बसे आणि मनगटाकडे बघत राही. पाक्षिकाचं शेवटचं पान आता वडील लेखानं भरत. दादाची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एकदा मला म्हणाल्या, “भावजी, भाकरीला हात न्हाई लागत त्यांचा. डाव्या हातानं काय तरी गिरगाटतात, फाडतात, पुन्हा गिरगाटतात. माणूस आतल्या आत घुसमटाय लागलंय. तेवढं चित्राचं कायतरी जमू द्या, मग हात वाकडा का सरळ, मला काय बी न्हाई.”

मी पाक्षिकाचे जुने अंक घेऊन गेलो. म्हटलं, दादा, हे बघून डाव्या हातानं काढ.

त्यानं अंक चाळले आणि बाजूला ठेवले. “यात रेघ दिसती. हात न्हाई दिसत.”

“म्हणजे?”

“ब्रश कुठं दाबला, कुठं उचलला, कुठून कुठं गेला, छापल्यावर काय उरतंय त्यातलं? माझी खरी कागदं कुठायत राव?”

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हजार प्रतींमध्ये जे नसतं असं काहीतरी त्या एका कागदात असतं. ते श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठी नव्हतं. ते काढणाऱ्यासाठीच होतं. हात गेलेल्या माणसाला आपला हात परत बघायचा होता, आणि तो त्या घड्या पडलेल्या कागदांखेरीज जगात कुठेही नव्हता.

वडिलांशी माझा वाद झाला. “मडकं भाजून निघाल्यावर चाकावरचा चिखल कोण जपतं?” ते म्हणाले.

“ज्याला पुन्हा मडकं करायचंय तो, अण्णा.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच आपल्या गठ्ठ्यांतून पाठीवर जाहिराती असलेली चित्रं काढून माझ्यासमोर टाकली. काही ब्लॉकवाल्याच्या दुकानातल्या फडताळात सापडली, ठोकळ्यांभोवती. नाक्यावरची जाहिरात मात्र भिंतीचीच होऊन गेली होती.

सापडलेली चित्रं आमच्याकडे ठेवायची असं ठरलं, कारण दादाच्या खोलीत चुलीचा धूर होता आणि पत्रा गळत होता. आमच्याकडे निदान माळा होता. आता ठेवायची कशी हे कोणालाच माहीत नव्हतं. वडील म्हणाले, गुंडाळी करा. आपण फलक तसेच ठेवतो. गुंडाळी केली तर दोन-चार दिवसांत पांढऱ्या रंगाला तडे गेले आणि तो कपच्यांसारखा सुटायला लागला. म्हणून ती पसरून ठेवायची असं ठरलं. घड्या फार गरम नसलेल्या इस्त्रीनं, वर फडकं टाकून, उतरवल्या. फाटक्या कडा चिकटवायला मी खळ घेतली तर दादा ओरडला, “खळ नको! कसर येती खळीला. बघ तुझ्या घरातली पुस्तकं.” आमच्या पुस्तकांच्या पाठी खरोखरच कुरतडलेल्या होत्या. कडा तशाच राहू दिल्या.

दादा दिवसातून एकदा येई, एक चित्र खाली घेई, आणि रंग सुकलेला कोरडा ब्रश डाव्या हातात धरून जुन्या रेघांवरून हवेतल्या हवेत फिरवी. कागदाला टेकवत नसे. मग रद्दीवर काढून बघे. “मोडली,” म्हणे. पुन्हा हवेत फिरवी. टोपी जमायला लागली. हात जमेनात. टोपीवाल्याचा कोपर नेहमी चुके; तो फार बाहेर यायचा, रांगेतल्या पुढच्या माणसाला ढोसल्यासारखा.

“उजवा कधी चुकला न्हाई कोपरात,” तो म्हणे. “ह्यो डावा मुळातच आडमुठा हाय.”

श्रावणात त्याच्या भावानं निरोप पाठवला. शेतात माणूस कमी आहे, खुरपणीला आणि मग कांद्याच्या लागवडीला ये. शेडमध्ये आता त्याला काम नव्हतंच. तो वहिनींना घेऊन कुरुळीला जायला निघाला, आणि जायच्या आदल्या दिवशी खांद्यावर एक पेटी घेऊन आमच्या दारात उभा राहिला.

आमच्या भागात ही पेटी प्रत्येक घरात असते. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेल्या दारूगोळ्याच्या पेट्या: बाहेरून लाकूड, आतून जस्ताचा पत्रा, झाकणाला रबराची पट्टी आणि दोन बाजूंना घट्ट बसणाऱ्या कड्या. कोणी त्यात बाजरी ठेवतं, कोणी लग्नातलं लुगडं. आणि खोक्यांच्या धंद्यातल्या माणसांचा तर या पेटीवर देवापेक्षा जास्त विश्वास.

“यात दारू वर्षानुवर्षं कोरडी ऱ्हाती,” दादा पेटीवर थाप मारून म्हणाला. “आगबोटीतनं समुद्र ओलांडून आलीया ही. तुझ्या माळ्याचं पाणी काय करणार हिचं?”

वडिलांनाही पटलं, मलाही पटलं. आम्ही चित्रं एकावर एक रचली. मधे घालायला कागद हवा होता, तो आमच्या घरात भरपूर. एका जुन्या सभेची उरलेली पत्रकं एकेक करून चित्रांच्या मधे गेली. वहिनींनी वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याची पुरचुंडी कोपऱ्यात ठेवली. बाहेर दोन दिवसांची झड लागलेली होती. दादा चित्रं मांडत असताना त्याच्या सदऱ्याच्या बाह्या ओल्या होत्या. झाकण बसलं, कड्या कुर्रकन लागल्या.

“मी येईस्तवर उघडायची न्हाई. उघडली की हवा शिरती.”

“नाही उघडणार,” मी म्हणालो. शब्द दिला की दिला.

आई म्हणे, पावसाळ्यात कधी उघडीप मिळाली तर माळ्यावरचं सगळं खाली काढून उन्हात टाकू. आम्ही गोधड्या टाकल्या, डाळी टाकल्या, वडिलांचे गठ्ठे टाकले. पेटी मात्र जागची हलली नाही. “आत काय बाँब ठेवलाय का रे?” वडील विचारत. मी म्हणे, शब्द दिलाय. कड्या घट्ट होत्या, वास येत नव्हता, पाणी शिरत नव्हतं. मी पेटीवर हात फिरवून बघे आणि समाधानानं खाली उतरे.

दसरा झाल्यावर दादा आणि वहिनी परत आले. सोबत भुईमुगाच्या शेंगांचं गाठोडं होतं. दादा रापला होता. शेंगा ठेवल्या न ठेवल्या, तोच म्हणाला, “पेटी काढ.”

कड्या उघडल्या आणि झाकण सुटल्याबरोबर कुजक्या भुईचा वास आला. वहिनींनी पदर नाकाला लावला. वरच्या पत्रकावर करड्या बुरशीची साय धरली होती. दादानं हात आत घातला आणि पुन्हा बाहेर काढला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

“पाणी कुठनं शिरलं?” तो म्हणाला.

वडील पेटीपाशी बसले. त्यांनी रबराच्या पट्टीवरून बोट फिरवलं, जस्ताचा पत्रा चाचपला. “शिरलं नाही,” ते सावकाश म्हणाले. “आपणच आत ठेवलं. दारू कोरडी भरत असतील. आपण श्रावणातले कागद भरले. या पेटीनं ते जपलं बघ, जसं दिलं तसं.”

कोणी कोणाला बोल लावला नाही. लावायचा तर तिघांनाही लागला असता. गंमत म्हणजे माळ्यावर उघड्यावर पडलेले वडिलांचे गठ्ठे वाकडेतिकडे झाले होते, पण त्यांवर बुरशीचा ठिपका नव्हता.

मग वडील उठले. आतल्या खोलीत त्यांनी पुढच्या अंकासाठी छापखान्याचा कोरा कागद राखून ठेवलेला होता. त्याला ते कोणाला बोटही लावू देत नसत. ती चवड त्यांनी बाहेर आणली आणि सबंध माजघरभर कागद अंथरले. “मांडा,” म्हणाले.

त्या दुपारी आम्ही चौघं जमिनीवर बसून एकेक चित्र सोडवत होतो. उन्हात टाकलं तर कागद वाकेल म्हणून सावलीतच, खिडक्या उघड्या टाकून. बुरशी ओली असताना पुसली की पसरते हे पहिल्याच चित्रावर कळलं. म्हणून आधी वाळू दिलं आणि मग दादाच्याच मऊ ब्रशनं ओट्यावर नेऊन झटकलं. काळी शाई पक्की होती, ती हलली नव्हती. काही कागदांवर चहासारखे डाग राहिले, ते अजून आहेत. काही चित्रांच्या आभाळात फिकट उलट्या अक्षरांत ‘बंधूंनो’ उमटलेलं होतं. वहिनींनी ते वाचायचा प्रयत्न केला आणि हसू दाबलं.

खरा घात पांढऱ्या रंगानं केला होता. दमटपणानं तो चिकट झाला होता आणि पत्रकांना धरून बसला होता. आम्ही पत्रक सोडवू लागलो की रंग पत्रकाबरोबर निघून येई. दादा म्हणाला, “थांबा, मी करतो.” डाव्या हाताच्या बोटांनी त्यानं एका चित्रावरचं पत्रक कोपऱ्यातून धरलं आणि श्वास रोखून हळूहळू सोललं. तरी रंग निघालाच. पत्रकावर पांढरा ठिपका आणि चित्रात भोक पडल्यासारखी जागा.

तो त्या जागेकडे बघत राहिला. मग कागद उचलून उजेडाला नेला.

“राव, इकडं ये.”

मी जवळ गेलो. टोपीवाला रॉकेलच्या रांगेत उभा होता. त्याच्या कोपराशी पांढरा रंग होता तिथे आता दुसरा एक काळा कोपर दिसत होता. फार बाहेर आलेला, पुढच्या माणसाला ढोसणारा. अगदी हाच कोपर गेले कित्येक महिने डाव्या हातातून उतरत होता.

“हे कुणी काढलं?” दादानं विचारलं, जणू घरात कोणी परका शिरला होता.

“तूच की.”

“उजव्यानं?”

“मग काय म्हशीनं?” वहिनी मागून म्हणाल्या.

त्यानं दुसरं चित्र घेतलं. तिथेही पत्रकानं पांढरा रंग ओढून नेला होता, आणि खाली चुकलेला कोपर. तिसऱ्यात टोपीची कड चुकलेली. चौथ्यात पुन्हा कोपर. दादा एकेक उचलत होता आणि त्याच्या तोंडातून आधी नुसता श्वास, मग बारीकसा आवाज, आणि मग ते जुनं, पोट धरून हसणं बाहेर पडलं.

“अगं बघ, बघ! उजवा बी आडमुठाच व्हता की! झाकून झाकून शहाणा म्हणवून घेत व्हता नुसता!” वहिनी हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. वडील वाकून चित्रं बघत होते. छापलेल्या अंकात यातलं काहीच कधी दिसलं नव्हतं, आणि मूळ कागदांची त्यांनी आजवर फक्त पाठच पाहिली होती.

दादानं पांढरा रंग गेलेल्या जागा पुन्हा भरल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “असू दे. चुकल्याव काय करायचं ते आता ठावं हाय. पांढरा आणायचा.”

डाव्या हातानं काढलेली पहिली पट्टी दिवाळीच्या अंकात आली. टोपीवाला दवाखान्याच्या रांगेत उभा आहे आणि त्याच्या पुढे एक म्हैस. चौथ्या चौकटीत म्हशीचा नंबर लागतो आणि खिडकी बंद होते. रेघ पूर्वीपेक्षा जाड होती, थोडी थरथरणारीही, आणि मूळ कागदावर पांढऱ्या रंगाचे ढीग होते. या पट्टीत मी एकही शब्द लिहिला नाही. लागलाच नाही.

ब्लॉक आणायला मी दोन पातळ फळ्या आणि सुतळी घेऊन गेलो. ब्लॉकवाल्यानं सवयीनं चित्र ठोकळ्याभोवती गुंडाळायला घेतलं, तेव्हा मी त्याचा हात धरला. “जुना अंक घ्या वेष्टनाला, आमचाच,” मी म्हणालो आणि वडिलांचा अग्रलेख असलेलं पान त्याच्यापुढे केलं. चित्र फळ्यांमधे सपाट बांधून घरी आणलं.

पेटी आमच्याकडेच आहे. दादा हवं तेव्हा येतो, हवं ते चित्र काढून घेतो. चित्रांच्या मधे आता कोरा कागद आहे. तो वडिलांनी दिला आणि पाठीवर काही लिहिणार नाही असंही सांगितलं, जरा जड मनानं. वैशाखात एक दिवस सगळी चित्रं माजघरात मांडून वाळवून घेतो, मगच आत ठेवतो. रबराची पट्टी दादानं चाकूनं कापून काढली. झाकण आणि पेटीच्या मधे लाकडाची एक चपटी ढलपी घातलेली आहे, हवा खेळावी एवढीच. ती त्याच जुन्या फळीची आहे, जिच्यावर टोपीवाला मी पहिल्यांदा पाहिला होता. टोपीचा भाग आम्ही तोडला नाही.